निगेटिव्ह आमच्याकडे राहील

आमच्या ह्यांना रस्त्यावर सगळे 'हनुवटी' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमचं दुकान एवढं अरुंद आहे, की पाठीमागे बोललेलंही तोंडावरच ऐकू येतं. नाव पडण्याचं कारण उघड आहे. स्टुडिओतल्या स्टुलावर माणूस बसला की ह्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हनुवटी जरा खाली." मग तो माणूस न्यायाधीश असो नाहीतर दुधाचे दात पडलेलं पोर. समोरचा आधीच मान खाली घालून, अपराध्यासारखा बसलेला असला तरी त्याची सुटका नाही.

मी ह्यांना पहिल्यांदा भेटले ती पासपोर्ट फोटो काढायला गेले तेव्हा. मलाही तेच ऐकवलं. मी म्हटलं, "माझी हनुवटी आहे तिथे बरी आहे." फोटो तसाच निघाला. पुढे लग्न झालं, संसार झाला, मुलगी मोठी होऊन नोकरीसाठी परगावी गेली. पण या माणसासमोर मी अजून हनुवटी खाली केलेली नाही.

स्टुडिओ माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेला. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत काउंटर आणि रस्त्याच्या बाजूला काचेचं शोकेस, त्यात एका नवरीचा मोठा फोटो. ती नवरी आता आजी झाली असेल. आतल्या खोलीत एक रंगवलेला पडदा, त्यावर एक जिना, कुठेच न जाणारा. दोन छत्रीवाले दिवे. आरसा, आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. दोरी नसती तर तो कधीच कुणाच्या तरी खिशातून पसार झाला असता. खिळ्याला एक काळा कोट, पाठीमागून उसवलेला, म्हणजे चिमटे लावले की कुणाच्याही अंगाला बसायचा. आमच्या भागातले अर्धे पुरुष आयुष्यात एकदाच रुबाबदार दिसले आणि ते त्या कोटात.

आणि मागच्या भिंतीला लोखंडी कपाटं. त्यांत निगेटिव्हची पाकिटं, साल लावून, महिना लावून. ग्राहकाला फोटो मिळायचा, निगेटिव्ह मिळायची नाही. तसं प्रत्येक पाकिटावर छापलेलंच होतं, 'निगेटिव्ह आमच्याकडे राहील'. हा सासऱ्यांचा नियम. त्यांनी तो धंद्यासाठी केला होता, माणूस दुसऱ्या प्रतीसाठी आपल्याकडेच यावा म्हणून. ह्यांनी त्याचं व्रत केलं. पाऊस असो, वाळवी असो, घरात पाहुण्यांना जागा नसो, पाकिटं जागची हलायची नाहीत.

आमच्या गल्लीतल्या चप्पलवाल्याच्या घराला एकदा आग लागली. माणसं वाचली, बाकी काही वाचलं नाही. काही दिवसांनी त्याची बायको दुकानात आली आणि म्हणाली, "आमचा लग्नानंतरचा फोटो तुमच्याकडेच काढला होता. काही होईल का?" ह्यांनी विचारलं, "कुठल्या ऋतूत? मिशी होती की नव्हती?" आणि आत जाऊन पाकीट घेऊन आले. ती बाई काउंटरवर डोकं टेकून रडली. मीही रडले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण त्यानंतर बरेच दिवस हे असह्य झाले होते. मी जुनी बरणी फेकायला काढली की, "म्हणून ठेवायचं असतं." फाटकी पिशवी फेकायला काढली की, "म्हणून ठेवायचं असतं."

मग कॅमेरावाले फोन आले. पहिल्यांदा आम्ही हसलो. हे म्हणाले, "फोनने फोटो? उद्या इस्त्रीवर चहा कराल." तेव्हाचे फोटोही तसेच होते, ओल्या काचेतून बघितल्यासारखे. पण दर वर्षी फोन सुधारत गेले आणि आमचं हसू आटत गेलं. आधी सहलीचे फोटो बंद झाले, मग वाढदिवसांचे, मग बाळांचे. राहिले पासपोर्ट फोटो. ग्राहकाच्या स्टुलावर हे स्वतःच बसून पेपर वाचायला लागले, आणि ते मला बघवेना. माणूस स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून बसल्यासारखा दिसायचा.

त्याच सुमारास समोरचं घड्याळाचं दुकान बंद पडून तिथे मोबाईलचं दुकान आलं. मालक गोलमटोल, बोलका. त्याचं नाव आम्ही 'ऑफर' ठेवलं, कारण त्या शब्दाशिवाय त्याचं वाक्य पुरं व्हायचं नाही. मला शिंक आली तर रस्त्यापलीकडून ओरडायचा, "वहिनी, औषधाच्या दुकानात ऑफर आहे!"

त्याच्याकडे नवा फोन घ्यायला आलेला माणूस कॅमेरा तपासायला म्हणून पायरीवर यायचा. समोर काय, तर आमचं शोकेस. फोन धरला, नवरीचा फोटो काढला, बघितला, मान डोलावली, फोन घेतला. त्या भागातल्या प्रत्येक फोनमधला पहिला फोटो आमच्या शोकेसचा असणार, यात मला शंका नाही. हे दारात बसून ते बघायचे आणि तोंड पाडून म्हणायचे, "आमच्याच फोटोचे फोटो काढतायत बघ."

मीही बघत होते, पण माझी नजर पुढे काय होतं त्यावर होती. पुढे काहीच होत नव्हतं. फोटो खिशात जायचे आणि खिशातच राहायचे. आमच्याकडे चहाला आलेली कुठलीही बाई म्हणायची, "थांबा हं, नातू दाखवते," आणि बोट फिरवत बसायची. भाजी, मांजर, विजेचं बिल, कुणाचा तरी पाय, पुन्हा मांजर. चहा निवून जायचा आणि नातू काही सापडायचा नाही.

मी ह्यांना म्हटलं, "फोटो काढणारे आता सगळेच झालेत. छापून देणारा कुणी नाही. धंदा तिथे आहे."

"म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले वाकडेतिकडे फोटो मी छापायचे?"

"लाँड्रीवाला दुसऱ्यांचेच कपडे धुतो ना? त्याला लाज वाटते का?"

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी ते सांगा, मग गप्प बसते."

ते सांगता येईना, तशी मी रस्ता ओलांडून ऑफरकडे गेले. म्हटलं, तुमच्याकडून कॅमेरावाला फोन घेईल त्याला आमच्याकडे दहा फोटो फुकट छापून. तुम्ही कूपन द्या, गिऱ्हाईक आम्हाला द्या. त्याने 'फुकट' ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्याच्या तोंडून ऑफर ऐकण्याचं सुख त्याला पहिल्यांदाच मिळत असावं.

फोटो छापायचं मशीन आलं. पावाच्या पेटीएवढं, पुढे काच, काचेवर बोट लावलं की चालायचं. पहिल्या दिवशी ऑफर स्वतःच पहिला फोटो छापून घ्यायला आला. मशीनमधून त्याचा चेहरा कपाळापासून वर कापलेला निघाला, कारण तो त्याने स्वतःच काढला होता. आम्ही दोघं हसत सुटलो, अगदी पोट धरून. ऑफरच्या हातात दुकानातला नमुन्याचा फोन होता, त्याने तेवढ्यात आमचा फोटो टिपला. हे मान मागे टाकून हसतायत, माझा हात कमरेवर. तो फोटो त्याने चाचणी म्हणून आमच्या मशीनमध्ये टाकला. फोन त्याच आठवड्यात कुणा ट्रक ड्रायव्हरला विकला गेला.

मी ह्यांना म्हटलं, "हा मोठा करून शोकेसमध्ये लावा."

ह्यांनी फोटो निरखून बघितला. "हनुवटी बघ माझी कुठे गेलीय. गळ्याच्या शिरा दिसतायत. आपण एकदा नीट काढू."

आता हे 'एकदा' मी लग्नापासून ऐकत आले होते. फोटोग्राफर स्वतः कधी फोटोत नसतो. आमच्या अल्बममध्ये मी आहे, मुलगी आहे, आणि जमिनीवर ह्यांची सावली आहे. लग्नाचे फोटो दुसऱ्या स्टुडिओवाल्याने काढले होते, ते ह्यांनी भिंतीला लावू दिले नाहीत. प्रकाश चुकलाय म्हणाले. आम्ही दोघं एकत्र, आणि तेही हसताना, असा तेवढा एकच फोटो. तो छापलाच गेला नाही. मशीनमधून दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये गेला आणि तिथेच पडून राहिला.

धंदा मात्र चालला. हे कुरकुरत शिकले आणि शिकल्यावर कुरकुर विसरले. फोटो छापून निघेपर्यंत समोरच्याला दोन गोष्टी सांगायचे, "खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही," "काचेवरचं बोटांचं तेल पुसत जा हो आधी." लोक ऐकून घ्यायला थांबायला लागले, तेव्हा मी रविवारी सकाळी त्याचा वर्गच सुरू केला. मग घरी केक करणारी बाई आली. ती फोनवरूनच विक्री करायची, पण तिच्या फोटोंत केक भिंतीच्या गिलाव्यासारखे दिसायचे. ह्यांनी खिडकीशी टेबल लावलं, पांढरी चादर टाकली, तिच्याच फोनने केक टिपला. टिपताना "हनुवटी जरा" एवढं तोंडातून निघालंच. त्या केकच्या मागोमाग खुर्च्या बनवणारा आला, रोपवाली आली, तो चप्पलवालाही आला. स्टुलावरचा पेपर गेला. हे दिवसभर उभे असायचे आणि संध्याकाळी पाय दुखतात म्हणून आनंदाने तक्रार करायचे.

आता मूळ गोष्ट. फोनवरून जो जो फोटो छापला, त्याची एक प्रत हे आमच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवायचे. साल लावून, महिना लावून. फोनमधलं बाकी काही उघडून बघायचे नाहीत, फक्त जो छापला तो. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. जन्मभर लोखंडी कपाट भरलेला माणूस, आता कॉम्प्युटरमध्ये कपाट भरत होता.

पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात एक तरुण नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. एकटीच खोली घेऊन राहायची, कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. कूपन घेऊन आलेल्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांत ती होती. तिच्या आईला फोन वापरता येत नव्हता, म्हणून तिला पाठवायला स्वतःचा एक फोटो छापून नेला होता. केस मोकळे, नदीकाठी उभी, खळखळून हसणारी. बऱ्याच महिन्यांनी ती पुन्हा आली, एका मैत्रिणीचा फोटो छापायला. हे खुशीत होते. म्हणाले, "तुझा तो नदीवरचा फोटो छान होता. अजून एक प्रत देऊ का? आहे माझ्याकडे."

आणि त्या महिन्याचं कपाट उघडून स्क्रीन तिच्याकडे वळवली. ओळीने छोटे छोटे फोटो. त्यात ती.

तिचा चेहरा पांढरा पडला. "हा इथे कसा?"

"ठेवलाय ना जपून," हे म्हणाले. शाबासकीची वाट बघत होते. "आपल्याकडून काही हरवत नाही."

"कुणाला विचारून ठेवलात?"

"विचारायचं काय त्यात? उद्या तुझा फोन हरवला म्हणजे?"

"हरवू दे! माझा फोटो आहे, माझा फोन आहे. तुम्ही कोण ठेवणारे?"

दुकानात आणखी दोघं-तिघं होते, ते मागे सरकले. तिने आवाज खाली आणला. "काका, आधीच्या गावात एकाने माझा असाच फोटो ठेवून घेतला होता. मग तो कुठे कुठे फिरला. नोकरी सोडून मी इथे आले. इथे मला कुणी ओळखत नव्हतं." तिने फोन वर धरला आणि स्क्रीनचा फोटो काढला. "हा पुरावा. पोलिसांत द्यायचा की नाही ते मी बघते."

ती गेली. हे तसेच उभे. म्हणाले, "मी काय केलं?"

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. रात्रीपर्यंत गोष्टीला हातपाय फुटले. हनुवटी फोनमधले सगळे फोटो चोरतो, विकतो, आणखी काय काय. ऑफर रस्ता ओलांडून आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. फक्त कूपन थोडे दिवस थांबवतो." केकवाली यायची बंद झाली. जे आले, ते फोन हातातून सोडेनात. एक गृहस्थ तर पक्षी उडून जाईल तसा फोन दोन्ही हातांनी धरून उभे राहिले आणि म्हणाले, "असाच छापून द्या." आमचं सगळं दुकान एका गोष्टीवर उभं होतं, की अनोळखी माणूस आपला फोन ह्यांच्या हातात ठेवतो. ती गोष्ट गेली, तर मशीन काय आणि केक काय, कुलूप घालायचं बाकी राहिलं असतं.

मला दोघांचाही राग आला होता. तिचा थोडा, ह्यांचा जास्त. घरी हे म्हणाले, "जन्मात मी कुणाचं पाकीट उघडून बघितलं नाही."

"मला माहीत आहे. तिला कुठून माहीत असणार?"

"अगं, चप्पलवाल्याची बायको आठव. ठेवलं नसतं तर काय दिलं असतं तिला?"

"ती स्वतःच्या पायाने येऊन स्टुलावर बसली होती. कॅमेरा तुमचा, निगेटिव्ह तुमची, आणि ठेवणार हे पाकिटावर छापलेलं. या पोरीने काय वाचलं होतं? फोटो तिच्या फोनमधला. तुमचं त्यात काय होतं?"

उत्तर नसलं की हे उठून काहीतरी पुसायला लागतात. त्या दिवशी आधीच पुसलेल्या लेन्सा पुन्हा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "तिला बोलावून आण. सगळं तिच्यासमोर पुसायचं."

मी दवाखान्यात गेले, बाकावर बसून राहिले. ड्युटी संपवून ती बाहेर आली, मला बघून थबकली. "काकू, मी तुमच्यासाठी माफ करणार नाही."

"करू नकोस. मी माफी मागायला आलेच नाही, तुला बोलवायला आलेय. माफी ते मागतील, ते त्यांचं काम आहे."

ती आली. ऑफरही आला, न बोलावता, आणि दारात मान लांब करून उभा राहिला. ह्यांनी खुर्ची कॉम्प्युटरसमोर ओढली आणि तिला म्हणाले, "बस. माउस तुझ्या हातात घे. मी पुसलं तर तुला वाटेल काहीतरी मागे ठेवलं असेल." मग उभ्याउभ्याच, हात मागे बांधून म्हणाले, "तुझा फोटो ठेवायला नको होता. विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

ती खुर्चीत बसली. पुसायला लागली. महिन्यामागून महिना. केक गेले, खुर्च्या गेल्या, कुणाकुणाची नातवंडं गेली. हे एकेक जाताना बघत होते, आणि मला ह्यांची दया आली, खोटं कशाला सांगू? शेवटी पहिला महिना उघडला. तिने आधी स्वतःचा फोटो पुसला. मग तिचा हात थांबला.

"काका, हा तुमचा आहे. तुमचा आणि काकूंचा. हा राहू दे ना."

हे वाकून बघत राहिले. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ठेवू का?"

या माणसाने मला न विचारता घराला करडा रंग दिला होता. न विचारता माझ्या माहेरच्या कपाटात निगेटिव्ह भरल्या होत्या. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा विचारलं, आणि ते असं, चारचौघांत, नेमक्या या वेळी. मला तो फोटो हवा होता. फार हवा होता. पण दारात ऑफर उभा होता, आणि गल्ली काय म्हणेल ते मला ऐकू येत होतं: सगळं पुसलं म्हणे, पण काहीतरी ठेवलंच.

"पुसा," मी म्हटलं, आणि चहा ठेवते म्हणून आत गेले. आत चहाची सोयच नाही. मी त्या कुठेच न जाणाऱ्या जिन्यासमोर उभी राहून डोळे पुसले.

नंतर ह्यांनी पाकिटावरचं वाक्य बदललं. 'काम झालं की तुमचा फोटो तुमच्यासमोर पुसला जाईल.' आणि तसं करायला लागले. प्रत्येक वेळी बोट क्षणभर थांबायचं, मग पुसायचं. चांगलं दूध मोरीत ओतायला लावल्यासारखं तोंड व्हायचं. एकदा खुर्चीवाला आला, फोन पाण्यात पडला होता. "भाऊ, माझ्या मालाचे फोटो तुमच्याकडे असतील ना?" हे म्हणाले, "नाहीत." तो गेल्यावर मला म्हणाले, "असते."

लोक मात्र काही परत येत नव्हते. पुसतात म्हणे, पण कोण बघायला जातंय, असा सूर होता. आम्ही मशीन परत पाठवायचं बोलायला लागलो होतो.

मग शाळांचे प्रवेश सुरू झाले आणि पासपोर्ट फोटोंसाठी एका सकाळी दुकान भरलं. आयाबाया, पोरं, एक आजोबा. गर्दीतून सिस्टर पुढे आली. मला वाटलं, आता काय राहिलं होतं? तिने फोन उघडला आणि काउंटरवरून ह्यांच्यासमोर धरला. माना वळल्या. तिला सगळे ओळखत होते.

ह्यांनी हात पुढे केला नाही. शर्टाला पुसत राहिले. "वायर तिकडे आहे. तूच लाव."

"घ्या ना काका. तुम्हीच बघा."

ह्यांनी फोन घेतला, दोन्ही हातांत. तिने सांगितलं, "त्या दिवशी पुरावा म्हणून स्क्रीनचा फोटो काढला होता ना, तो काल पुसायला घेतला. आधी मोठा करून बघितला. कोपऱ्यात बघा."

मी पण काउंटरवरून वाकले. तिरकी स्क्रीन, त्यावर दिव्याची तिरीप, छोट्या छोट्या फोटोंच्या ओळी. आणि तिच्या हसऱ्या चेहऱ्याला लागूनच नखाएवढे आम्ही दोघं. मान मागे टाकून हसणारे हे, आणि कमरेवर हात ठेवलेली मी.

ह्यांनी तेवढाच भाग घेतला, जमेल तेवढा मोठा केला. मशीन घरघरलं. फोटो बाहेर आला, स्क्रीनच्या बारीक रेघांचा, एका बाजूला कललेला, थोडा निळसर. जन्मात ह्यांनी इतका वाईट फोटो दुकानातून बाहेर जाऊ दिला नसता. हे तो बघत उभे राहिले, आणि मागे पोरं रडत होती तरी कुणी घाई केली नाही.

सिस्टरने हात पुढे करून फोन मागितला. "आता माझ्याकडचा पुसते. तुम्हाला न विचारताच ठेवला होता." ह्यांना दिसेल असा फोन धरून तिने तो पुसला. ह्यांनीही मशीनमधला पुसला. आता त्या फोटोची कुठेही दुसरी प्रत नव्हती. निगेटिव्ह नाही, काही नाही. तेवढा एक कागद.

ती जायला वळली तेवढ्यात मागचे आजोबा पुढे आले, खिशातून फोन काढून त्यांनी तो सरळ ह्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "यात माझी बहीण आहे कुठेतरी. मला सापडत नाही. बघता का?"

हे आजोबांना शेजारी बसवून, त्यांना विचारत विचारत बहीण शोधत बसले. गर्दी तेवढा वेळ थांबली. आठवड्याभरात ऑफर कूपनांचा गठ्ठा घेऊन आला आणि मी त्याला दारात बराच वेळ उभं ठेवलं.

आमचा फोटो ह्यांनी चौकटीत घातला. शोकेसमधली नवरी काढली, जागा पुसली, आणि चौकट हातात धरून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"लावू का?"

मी सावकाश हातातली पाकिटं लावून संपवली. मग म्हटलं, "हनुवटी वर आहे तुमची."

"असू दे," हे म्हणाले.

आता समोर नवा फोन घेतलेला माणूस पायरीवर येतो, कॅमेरा आमच्या शोकेसवर धरतो, आणि पहिला फोटो म्हणून आम्ही दोघं त्याच्या फोनमध्ये जातो. पण ऑफरने सगळ्यांना सांगून ठेवलंय, की आधी विचारायचं. त्यामुळे तो माणूस तिथूनच हात वर करून खुणेने विचारतो, काढू का? हे काउंटरमागून माझ्याकडे बघतात. मी जरा थांबते. बहुतेक वेळा हो म्हणते.